मनोरीच्या संडासासाठी प्लास्टिक शोधताना

मनोरीला मामांच्या वाडीत विहिरीपासून संडासाची जागा फार लांब नाही. पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की शोषखड्ड्यातली घाण विहिरीत उतरायची धास्ती. म्हणून कंपोस्ट संडास करायचं ठरलं: लघवी वेगळी कॅनमध्ये, मैला लाकडाच्या भुश्शासकट ड्रममध्ये. बांधकामाचं काही विशेष नव्हतं, खरा प्रश्न प्लास्टिकचा होता.

ताज्या लघवीचा पीएच साधारण ६ असतो. साठली की युरियाचा अमोनिया होतो आणि पीएच ९ च्या आसपास जातो, म्हणजे ती अल्कली होते. कंपोस्ट चांगलं तापलं तर ५५ ते ६५ अंशांपर्यंत पोचतं. वर ऊन आणि खारी हवा. हे सगळं सोसणारं प्लास्टिक हवं होतं.

लघवी वेगळी करणारं भांडं थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये करून घ्या, असं एकाने सुचवलं. पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि अल्कलीत झिजतं, म्हणून ते नको. पारदर्शक पॉलीकार्बोनेटलाही अमोनिया चालत नाही. पितळी नळ तर अजिबात नको, अमोनियाने पितळेला तडे जातात.

उरलं एचडीपीई (जाड, घट्ट पॉलिथिन) आणि पीपी (पॉलीप्रॉपिलीन). दोन्ही इथे उत्तम.

ड्रम धारावीत १३ कंपाउंडला, म्हणजे तिथल्या भंगार-प्लास्टिकच्या वस्तीत, पाहिले. तिथल्या कामगाराने एका तुकड्यावर नख ओढलं, ओरखडा उठला. लायटर लावला तर मेणासारखं ठिबकलं आणि विझल्यावर मेणबत्तीचा वास आला. ‘एचडी ब्लो’, म्हणजे फुगवून साचात घडवलेलं एचडीपीई, त्याने सांगून टाकलं. पीव्हीसी असतं तर नाकात झोंबणारा धूर आला असता. घरी बादलीतही तपासता येतं: एचडीपीई आणि पीपी पाण्यावर तरंगतात, पीव्हीसी बुडतं. जुना ड्रम घेताना मात्र आधी त्यात काय होतं हे विचाराच. लेबल खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका. आम्ही रुंद तोंडाचे, क्लॅम्प रिंगचे ५० लिटरचे ड्रम घेतले. २०० लिटरचा भरला की दोघांनाही हलत नाही.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो जोडाचा. एचडीपीईला सोल्युशन (पाइप चिकटवायचं) धरतच नाही. गरम हवेने वेल्डिंग करा, नाहीतर नट आणि वॉशरने आवळा. म्हणून लघवीच्या कॅनला टँक निपल (भोकात नटाने आवळायचा नळीचा जोड) बसवला, वॉशर ईपीडीएम रबराचा. पुढची नळी पीव्हीसीचीच ठेवली. ती कंपोस्टच्या उष्णतेत येत नाही आणि सोल्युशनने पक्की जोडता येते. तिला उतार चांगला दिला आणि वळणं कमी ठेवली, कारण लघवीतले क्षार आत थर धरतात.

भांडं पीपीचं घेतलं. ते एचडीपीईपेक्षा ताठ असतं, पण उन्हात लवकर ठिसूळ होतं, म्हणून ते छपराखालीच आहे. बाहेर उन्हात फक्त काळे ड्रम ठेवलेत. काळ्या रंगातलं कार्बन ब्लॅक अतिनील किरणं अडवतं, निळ्यावर तेवढा भरवसा नाही.