तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या होंडा सिटीला नवं तोंड बसवावं का?

कोल्हापुरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. एखाद्या सेडानची, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाडीची, फेसलिफ्ट (तीच गाडी, थोडं रूप बदललेली) बाजारात आली की पुढचे काही महिने इथं एकच प्रश्न फिरत राहतो. "ताई, नवीन सिटी बघितलीत? कशी वाटली? आणि आमच्या जुन्या गाडीला ते नवीन तोंड बसेल का?" लोक फोनवर विचारतात, लग्नात जेवताना विचारतात, बँकेच्या रांगेतसुद्धा विचारतात. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

तोंड बसतं. तरी मी बसवू नका म्हणते, आणि त्याला खर्च एवढंच कारण नाही. घरच्या गाडीचं रूप आपण चुकीच्या बाजूनं बघतो असं माझं ठाम मत आहे. शोरूममध्ये गाडी आपल्याकडे तोंड करून उभी असते, जाहिरातीतही पुढूनच दिसते, म्हणून आपण जाळी आणि हेडलाइट बघून मोकळे होतो. सेडान बघावी बाजूनं, आणि मग मागचं दार उघडून.

फेसलिफ्टमध्ये कंपनी नेमकं काय बदलते? पुढचा-मागचा बंपर, जाळी, हेडलाइट, टेललाइट, अलॉय व्हील, आत सीटचं कापड आणि स्क्रीन. दारं, छप्पर, काचा, पिलर (छप्पर पेलणारे खांब), मागचे क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकांवरचा पत्रा) यांना सहसा हात लावत नाहीत. बंपर प्लॅस्टिकचा, साच्यात भरला की आख्खा बाहेर पडतो. दाराचा पत्रा मात्र एकामागून एक अशा कितीतरी डायमधून, म्हणजे पोलादी साच्यांतून, दाबून, कापून, दुमडून काढावा लागतो. त्यात दाराची काच, रबराचं बीडिंग, पिलर, छपराची कड हे सगळं एकमेकांच्या मापात बांधलेलं असतं. दारावरची एक रेघ वर सरकवायची म्हटली तर शेजारच्या फेंडरची (पुढच्या चाकावरच्या पत्र्याची) आणि क्वार्टर पॅनेलचीही सरकवावी लागते. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत पॅटर्न आणि डाय करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना नवा साचा म्हणजे किती पैसा आणि किती दिवस हे सांगावं लागत नाही. म्हणून दर तीनेक वर्षांनी जे 'नवीन' म्हणून येतं ते बहुतेक वेळा गाडीच्या दोन टोकांना आलेलं असतं. मधली गाडी तीच.

सिटीचंच बघा. १९९८ साली ती भारतात आली तेव्हा बसकी, सरळ रेघांची, चालवायला हलकीफुलकी गाडी होती. पुढे आलेल्या व्हीटेक इंजिनाच्या जोरदार सिटीवर तर कोल्हापूर-सांगली रस्त्यावरच्या पोरांचा जीव होता. मग २००३ मध्ये होंडानं सगळंच उलटं केलं. बोनेट आखूड, छप्पर चांगलंच उंच, नाक गोल. लोकांनी तिला 'डॉल्फिन' नाव दिलं, आणि ते सगळ्यांनी काही कौतुकानं दिलेलं नव्हतं. इंजिन १.५ लीटरचंच, पण ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास होती ती ७७ वर आली. चालवण्याची हौस असलेले लोक चिडले. दिसायला जीपच्या टपासारखी आहे, असंही तेव्हा वर्कशॉपमध्ये ऐकलेलं आठवतं.

मला ती गाडी आजही सिटीच्या सगळ्या पिढ्यांत सर्वांत धाडसी वाटते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जुन्या गाडीत २५०० मिलिमीटर होता. डॉल्फिनमध्ये तो २४५० झाला. म्हणजे माप कमी केलं, तरी आत बसल्यावर जागा जास्त वाटायची. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटखाली आणली होती, सीट उंचीवर होती आणि डोक्यावर छप्पर होतं. माझ्या आत्याचे दोन्ही गुडघे दुखतात. तिला बाकीच्या सेडानमध्ये बसताना आधी मान खाली घालावी लागते, मग अंग आत सोडावं लागतं, मग पाय हातानं उचलून घ्यावे लागतात. डॉल्फिनच्या मागच्या सीटवर ती खुर्चीवर टेकावं तशी टेकते आणि पाय आत घेते. त्या गाडीच्या रूपाबद्दल मत देताना हे कुणी धरतच नाही.

२००५ मध्ये तिचीच फेसलिफ्ट आली, झेडएक्स नावाची. नाक लांब केलं, हेडलाइट बदलले, मागचे दिवे बदलले, थोडं क्रोम आलं. गाडी एकदम 'सेडानसारखी' दिसायला लागली आणि लोकांनी माफ केलं. बाजूनं बघा मात्र: दारं तीच, छप्पर तेच, काचेची रेघ तीच. ज्या गाडीला नावं ठेवली तीच गाडी लोकांनी आनंदानं घेतली. फेसलिफ्ट काय करू शकते याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मला माहीत नाही, आणि काय करू शकत नाही याचंही.

२००८ ची सिटी दिसायला सर्वांत देखणी, हे मीही मानते. बाणासारखी पुढे झुकलेली, खिडक्यांखालची खांद्याची रेघ मागे चढत जाणारी. व्हीलबेस २५५० झाला. पण ती चढणारी रेघ मागच्या दारात काच लहान करते. मागे बसलेल्या लहान मुलाला बाहेरचं कमी दिसतं, आणि मग त्याला घाटात मळमळतं असं सांगणारे आई-वडील मला भेटलेत. गाडी आखणाऱ्यानं रस्त्यावरून बघणाऱ्याचा विचार केला, खिडकीशी बसणाऱ्याचा थोडा कमी केला. २०१४ मध्ये व्हीलबेस २६०० वर गेला, मागं पाय पसरायला भरपूर जागा आली, डिझेलही पहिल्यांदाच आलं. रुंदी मात्र १६९५ मिलिमीटरच राहिली, त्यामुळे मागे तिघं बसले की मधल्याचे खांदे दाबलेलेच. २०१७ च्या फेसलिफ्टनं एलईडी हेडलाइट, नवी जाळी, मोठी चाकं दिली. खांदे होते तिथंच.

ते दुखणं सुटलं २०२० मध्ये, जेव्हा गाडीचा सांगाडाच नवा आला. रुंदी १७४८ झाली. पाच सेंटीमीटरच्या वर वाढ, आणि ती प्रत्येक प्रवाशाला कळते. त्याच वेळी कंपनीनं २०१४ च्या पिढीची गाडी बंद न करता कमी किमतीत शेजारी विकायला ठेवली, आणि कितीतरी घरांनी ती जुनीच घेतली. त्या लोकांना नव्या रूपाची पर्वा नव्हती असं नाही. त्यांनी हिशोब मांडला आणि मधली गाडी बघितली. मला त्यांचं कौतुक आहे.

२०२३ च्या फेसलिफ्टबद्दल तुम्ही सर्वांत जास्त विचारता. माझं मत चांगलं आहे. पुढची जाड क्रोमची पट्टी त्यांनी बारीक केली, जाळी मोकळी केली, आणि खरा बदल काचेमागे बसवला: रस्ता बघणारा कॅमेरा, जो पेट्रोल गाडीतही ब्रेक आणि लेनची मदत करतो. डिझेल गेलं, त्याची हळहळ आमच्याकडे लांबच्या फिरतीवाल्यांना आहेच.

अमेरिकेत हाच धडा फोर्डला फार महागात शिकावा लागला होता, तो इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांची टॉरस ही तिकडची घरोघरची गाडी. १९९२ पासून १९९६ पर्यंत देशात सर्वांत जास्त खपणारी कार तीच. १९९६ च्या मॉडेलसाठी त्यांनी तिचं रूप पुरतं बदललं, सगळीकडे लंबगोल. दिवे लंबगोल, आतलं रेडिओचं पॅनेल लंबगोल, मागची काचसुद्धा लंबगोल. छप्पर मागे उतरत गेलं. १९९७ मध्ये पहिला नंबर टोयोटा कॅमरीनं घेतला. पुढे २००० च्या मॉडेलला फोर्डनं छप्पर मागं पुन्हा उंच केलं, डोक्याला आणि डिकीला जागा दिली. तोंड तर बदललंच, पण त्यांनी छपराच्या पत्र्याला हात घातला, खर्च सोसून. हा पराभव नुसत्या दिव्यांच्या आकारामुळे झाला असं मी म्हणणार नाही, किमतीचंही कारण होतं. पण दुरुस्ती कुठं केली ते बघा.

आता वर्कशॉपमधलं एक दाखवते. रंगाचं काम झालं की गाडी बूथमधून बाहेर काढून आम्ही लांब ट्यूबलाइटखाली उभी करतो. पेंटर पुढच्या फेंडरपाशी बसतो, डोळा पत्र्याच्या पातळीत आणतो आणि ट्यूबची पांढरी रेघ पत्र्यावर कशी धावते ते बघतो. फेंडरवरून पुढच्या दारावर, तिथून मागच्या दारावर, मग क्वार्टर पॅनेलवर. जिथं पुट्टी नीट घासलेली नसेल तिथं ती रेघ थरथरते, जिथं दार मिलिमीटरभर बाहेर असेल तिथं तुटते. डॉल्फिनच्या गोल पत्र्यावर ही रेघ सावकाश पसरते. २०२० च्या सिटीत हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत एक धारदार कड आहे, तिच्यावर ट्यूबचा उजेड दोन भागांत कापला जातो. वर लख्ख, खाली सावली. ठोकर लागलेल्या दारावर ती कड पुन्हा हातानं उभी करायला आमच्या जुन्या डेंटरलाही दिवस जातो. मला ते काम करताना कळतं की आखणाऱ्यानं जीव कुठं ओतलाय. तो बाजूला ओतलेला असतो, आणि तीन वर्षांनी तोंड बदललं तरी ती कड जशीच्या तशी राहते. गाडीचं रूप म्हणजे ती कड, छपराची उतरण आणि चाकांचं अंतर. जाळी म्हणजे लग्नातला फेटा.

सिटीच्या स्पर्धेतल्या ह्युंदाई व्हर्नावाल्यांसाठीही दोन शब्द. २०२३ च्या व्हर्नाचं रूप मला धीट वाटतं. बोनेटच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी, रुंदी १७६५, व्हीलबेस २६७०. पाय पसरायला ऐसपैस. पण छप्पर कूपेसारखं मागं उतरवलंय, त्यामुळे उंच माणसाचं डोकं मागं छताजवळ जातं. पाच फूट दहाच्या वरचा मुलगा घरात असेल तर त्याला आधी बसवून बघा. आणि ती दिव्याची पट्टी शहरातल्या गर्दीत अगदी धोक्याच्या जागी आहे. पूर्वी पार्किंगमध्ये हलकीशी धडक लागली की बंपर ओढून, रंगवून काम भागायचं. आता दिवा म्हणजे आख्खं युनिट. आतला एलईडी गेला तर बल्बसारखा बदलता येत नाही. वरच्या मॉडेलला पुढं रडारही आहे. त्याच्यासमोरच्या भागावर पुट्टीचे थर चढवलेत तर त्याची नजर बिघडू शकते. नवं रूप आवडलं म्हणून घेणाऱ्यांनी विम्यात झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई, नक्की घ्यावा.

आता मूळ प्रश्न, जुनीला नवं तोंड. एकाच पिढीतली गाडी असेल तर बंपर आणि जाळी जुळवता येते. पण बंपर नुसता अडकवायचा नसतो. त्याचे ब्रॅकेट वेगळे, क्लिपांच्या जागा वेगळ्या, हेडलाइटच्या वायरींचे जोड (कपलर) वेगळे. हॅलोजनच्या वायरिंगवर एलईडी युनिट चालवायला मधे काहीतरी जोडावं लागतं आणि पावसाळ्यात पाणी नेमकं त्याच जोडात शिरतं. बाजारातले स्वस्त बंपर फेंडरशी गॅप धरत नाहीत. दोन उन्हाळ्यांत कोपरे उचलतात. विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेयर बोट ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करण्यावर बंधनं आहेत, आणि सोबत रंगही बदललात तर त्याची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, करावी लागते. एवढं करून विकायला काढाल तेव्हा समोरचा विचारणार, "पुढून ठोकली होती का?" आणि तुमच्याकडे पटेल असं उत्तर नसणार.

त्याऐवजी जुन्या गाडीवर एवढं करा. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा घासून, पॉलिश करून वर क्लिअरचा (पारदर्शक लेप) हात मारून घ्या. निम्मं म्हातारपण तिथंच असतं. बंपरच्या तुटलेल्या क्लिपा बदला, म्हणजे लोंबलेला कोपरा जागेवर येईल. दारांचे बिजागर आणि बीडिंग बघून घ्या, चारही दारांची गॅप सारखी करा. सस्पेन्शनचे रबरी बुश गेले असतील तर गाडी मागं बसते आणि केविलवाणी दिसते, ते आधी. रंग मूळचाच ठेवा.

आणि नवीनच घ्यायची असेल तर शोरूमला एकटे जाऊ नका. घरातल्या सर्वांत उंच माणसाला आणि सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या. दोघांना मागं बसवा, मधे अजून एकाला बसवा, दारं लावा आणि टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी खराब रस्त्यावरून फिरवायला सांगा. परत आल्यावर वयस्कर माणसाला कुणाचा हात न धरता उतरू द्या. जमलं तर बुकिंगचं बोला.