30 जूनच्या आत

कंपनीच्या गेटवर नोटीस लागली तेव्हा आम्हा सगळ्यांना एकच समजलं: काम गेलं, कार्डही गेलं. कार्ड म्हणजे ईएसआयचं, कामगार राज्य विमा योजनेचं, आमच्याकडे ज्याला विम्याचं कार्ड म्हणतात ते. काम गेलं होतं, कार्ड गेलं नव्हतं. पण ते गेलं असं समजून माझ्या बायकोचे पाच महिने वाया गेले, म्हणून हे लिहितो आहे.

मी समुद्रपूर तालुक्यातला. जामवरून बुटीबोरी एमआयडीसीत सहा वर्षं ये-जा केली. शेवटचा पगार 13,400. त्यातून महिन्याला 101 रुपये ईएसआयचे कापले जायचे. पाऊण टक्का म्हणजे 100 रुपये 50 पैसे, वरचा रुपया पूर्ण करून घेतात. सव्वातीन टक्के मालक भरतो. पगाराची चिठ्ठी मी कधी नीट वाचली नाही, पण टाकलीही नाही. सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून कोनाड्यात ठेवायचो.

बायकोला लहानपणी ताप यायचा, सांधे सुजायचे. वात आहे म्हणून घरच्यांनी तेल चोळलं. त्या तापानं हृदयाची झडप खराब केली, हे लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं. विम्याच्या दवाखान्यातूनच कळलं. तेव्हापासून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते इतकं दुखतं की त्या दिवशी ती एका पायानं लंगडत चालते. तरी तीन वर्षांत एकही चुकवलं नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या महिनाभर आधी, कंपनी बंद झाली. सप्टेंबरात इंजेक्शनला गेलो तर खिडकीवरच्या माणसानं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "काम सोडल्याची तारीख पडली आहे, कार्ड बंद." आम्ही मान हलवली आणि परत फिरलो. त्याला एक शब्द विचारला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. आपण पैसे भरलेले असतात आणि तरी खिडकीसमोर उपकार मागायला आल्यासारखे उभे राहतो.

मग इंजेक्शनं कधी गावच्या डॉक्टरकडे, कधी नाहीच. गोळ्या तिनं मला न सांगता अर्ध्या करून घ्यायला सुरुवात केली.

फेब्रुवारीत शेवटच्या वेचणीला ती वावरात गेली आणि दोन ओळीतच धुऱ्यावर बसली. ओटीत मूठभर कापूस होता. मी पाणी दिलं तर तोंडातून शब्द निघेना, नुसता छातीचा भाता चालू. रात्री आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून भिंतीला दोन गोधड्या लावून बसून झोपायची. म्हणाली, "मले काही होत नाही, तुमी कामाचं पाहा." पुढचे चार दिवस मी काही पाहू शकलो नाही.

आमच्या खात्यातल्या एका जोडीदारानं फोनवर सांगितलं, दवाखान्यात विचारू नको, ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. मी चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी पोर्टलवरचा भरण्याचा तक्ता काढला आणि पेनाचं टोक एकेका महिन्यावर ठेवत मोजलं. एप्रिल 26, मे 26, जून 25, जुलै 26. "एकशे तीन दिवस. अठ्ठ्याहत्तर पाहिजे होते. दादा, तुमचं कार्ड 30 जून 2024 पर्यंत चालू आहे."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी कागदाच्या मागे लिहून दिलं. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत निदान 78 दिवसांचे पैसे भरले असतील, तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचे भरले असतील, तर जुलै ते डिसेंबर. म्हणजे सप्टेंबरात आम्हाला परत पाठवलं, तेव्हाही आधीच्या भरण्यावर कार्ड चालूच होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आता हाती चार महिने होते. विमा हॉस्पिटलमध्ये इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. झडप इतकी कडक झाली होती, त्यावर चुन्यासारखा थर होता, की नळीतून फुगा घालून ती उघडणं जमणार नाही, बदलावीच लागेल. हृदयाची शस्त्रक्रिया त्यांच्याकडे होत नाही, त्यांनी जोडलेल्या खाजगी हॉस्पिटलला पाठवतात. त्यासाठी रेफरलचं पत्र, पात्रतेचा कागद, मंजुरी. मधे दातांचा डॉक्टर आला. किडलेला दात असला तर त्यातली घाण रक्तातून नव्या झडपेवर बसते, म्हणून दोन दाढा काढाव्या लागल्या आणि हिरड्या भरून येईपर्यंत थांबावं लागलं. एप्रिल त्यातच गेला. केशरी रेशन कार्डावर महात्मा फुले योजनेतून का नाही केलं, असं गावात पुष्कळांनी विचारलं. विचार केला होता. पण तीन वर्षांची फाइल इथे होती, तिला पाहिलेले डॉक्टर इथे होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला तिच्यात दम उरला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी आली. हॉस्पिटलनं तारीख दिली 4 जुलै.

ती तारीख ऐकली आणि माझे हातपाय गळाले. तिथल्या विमा डेस्कच्या मुलासमोर मी तो हातानं लिहिलेला कागद ठेवला. "बेटा, 30 जूनला माझं कार्ड संपते. चार दिवसासाठी माझी बायको जाईल रे." त्यानं कागद दोनदा वाचला, आत गेला, सर्जनशी बोलून आला. 18 जूनची तारीख मिळाली. त्या मुलाच्या घरी सगळं बरं राहो.

18 तारखेला सकाळी तिला नेताना तिनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. गावाकडे पेरणी सुरू होती, मोबाईलवर भाऊ विचारत होता बियाणं कोणतं घेऊ. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. 27 जूनला सुट्टी झाली. एक रुपया भरावा लागला नाही.

झडप धातूची आहे. रात्री पंखा बंद असला की टिक टिक ऐकू येते. लेकरं पहिले दोन दिवस घाबरली, आता तिच्या छातीला कान लावून मोजतात.

रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आहे आणि रक्त किती पातळ आहे हे पाहायला आयएनआर काढावा लागतो. आमच्यासोबत सुटलेल्या जोडीदारांना मी बाईंनी लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला आहे. कोणाच्या घरी दुखणं असेल, तर आधी आपले दिवस मोजून घ्या, मग खिडकीवर जा.

जुलैत पहिला आयएनआर हिंगणघाटला स्वतःच्या पैशानं काढला. 2.8 आला. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे.