म्युऑनचा निषिद्ध क्षय: खरी डोकेदुखी योगायोगाची

म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत मोडतो आणि इलेक्ट्रॉनबरोबर दोन न्यूट्रिनो (जवळजवळ वजनहीन, विद्युतभार नसलेले कण) सोडतो. न्यूट्रिनो न सोडता नुसता इलेक्ट्रॉन आणि फोटॉन (प्रकाशाचा कण) निघाला तर? न्यूट्रिनो आपला प्रकार बदलतात, त्यामुळे तेही शक्य आहे, पण एकावर ५४ शून्ये इतक्या क्षयांत जेमतेम एकदा. म्हणजे असा क्षय खरोखर सापडला, तर त्यामागे नवा कणच हवा.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत ‘मेग-२’ हा प्रयोग हाच शोध घेतो. तिथे धनभारित म्युऑनच घेतात (ते इलेक्ट्रॉनऐवजी त्याचा धन जोडीदार पॉझिट्रॉन सोडतात), कारण ऋण म्युऑन अणुकेंद्रक गिळून टाकतं. प्लॅस्टिकच्या पातळ, तिरक्या पत्र्यावर ते थांबवायचे. खूण सोपी: पॉझिट्रॉन आणि फोटॉन एकाच क्षणी, बरोबर विरुद्ध दिशांना, प्रत्येकी ५२.८ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे.

गोची अशी, की एका म्युऑनचा पॉझिट्रॉन आणि दुसऱ्याचाच फोटॉन एकदम आले, तर सोंग हुबेहूब वठतं. म्युऑनांचा झोत दुप्पट केला की ही खोटी जोडी चौपट होते! म्हणून झोत तुकड्यांत न येता अखंड हवा, आणि वेळ व ऊर्जा बारकाईने मोजायला हवी.

फोटॉनसाठी उणे १०८ अंशांच्या आसपासचा द्रवरूप झेनॉन वापरतात. फोटॉन आदळल्यावर त्यात उमटणारा अतिनील प्रकाश टिपणारे सिलिकॉन संवेदक झोत चालू असताना हळूहळू मंदावतात. मग झेनॉन काढून त्यांना तापवावं लागतं. कंटाळवाणं काम, पण त्याने डोळे पुन्हा उघडतात.

या निषिद्ध क्षयाची २०२५ मध्ये जाहीर झालेली मर्यादा: दहा लाख कोटी क्षयांत फार तर दीड.