फियाटचं १०८९ सीसी इंजिन उतरवलं तेव्हा

आमच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे भारतात बनलेल्या फियाटचं, री-पासिंग (आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण) तोंडावर आलं आणि त्याच सुमारास गाडी पाणी प्यायला लागली. खाली एक थेंब नाही, होजपाइप कोरडे ठणठणीत, तरी दर दोन-तीन दिवसांनी रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी ओतावं लागायचं. सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि चांगलं मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळत चालायचं. अशा गाडीला पीयूसी मिळणं कठीण, आणि पीयूसीशिवाय आरटीओच्या दारात जाण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या गॅरेजवाल्यानं सरळ हिशोब मांडला: भंगारातल्या टॅक्सीचं इंजिन आणू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी मोडीत निघाल्या तेव्हा अशी इंजिनं बरीच बाहेर आली. पण इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, कोरलेला असतो आणि आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीत नोंद करून घ्या, जुन्या इंजिनाच्या मालकीचे कागद दाखवा... आणि समोरचं इंजिन आतून कसं आहे हे देवच जाणे. म्हणून ठरवलं, काय करायचं ते याच ब्लॉकवर.

हे इंजिन मुळात १९३७ चं. फियाटच्या ५०८ सी मॉडेलसाठी दान्ते जाकोसा यांनी ते रेखाटलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. चार सिलिंडरचा गुणाकार करून बघा, १०८९ सीसी येतात. व्हॉल्व्ह वरच्या झाकणात म्हणजे हेडमध्ये, ते उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, क्रँकला तीन मेन बेअरिंग. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. युद्धाआधीच्या सामान्य माणसाच्या गाडीसाठी हा फारच पुढचा विचार होता. कुर्ल्याच्या कारखान्यात हेच इंजिन पुढे कित्येक दशकं बनत राहिलं. पद्मिनीत त्याची ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. तरी चार माणसं आणि टपावर सामान घेऊन ते घाट चढतं.

बीड आणि अॅल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत. या इंजिनाच्या नावानं जी रडगाणी ऐकू येतात, त्यांतली बहुतेक इथून सुरू होतात. इंजिन एकदा चांगलं तापलं की हेड वाकतं, हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग फुंकलं जातं, पाणी सिलिंडरमध्ये जातं.

दुसऱ्या मिस्त्रींनी खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं, तिथेच मी त्यांच्यावर खूश झालो. चारही प्लग काढले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. पहिला आणि दुसरा सिलिंडर ११० पीएसआयच्या घरात, तिसरा आणि चौथा ६० च्या आत. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. पहिल्या दोघांत आकडा वर चढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तीन-चारमध्ये काटा जागचा हलला नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले आणि ऑइलनंही फरक पडत नसेल, तर दोघांमधलं पॅकिंग गेलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दहा मिनिटांचं हे काम टाळून लोक थेट इंजिन खोलतात, हे मला कधी कळलेलं नाही.

हेड मात्र निघेना. वर्षानुवर्षं नळाचं आणि बोअरवेलचं पाणी भरल्यामुळे स्टडभोवती अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी झाली होती आणि तिनं हेड जाम धरलं होतं. मिस्त्रींचा पोरगा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला हातावर चापट मारली. रात्रभर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा लावून, चहूबाजूंनी हलक्या हातानं ठोकत ठोकत हेड वर आलं. पॅकिंगवर तीन आणि चारच्या मधला पूल जळून काळा पडला होता. हेडवर स्टीलची पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवला, तर मधोमध आरामात जात होता. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांमधून वाटीभर लाल गाळ आणि क्षाराच्या खपल्या निघाल्या. चौथ्या सिलिंडरच्या मागची वाट जवळजवळ बुजलेलीच होती. तिथलं पाणी फिरतच नव्हतं, मग तो भाग तापणार नाही तर काय!

लेथवाल्याकडे अजून एक गोष्ट कळली. ब्लॉकचं बोअरिंग याआधी शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत, म्हणजे मोठ्यात मोठ्या पिस्टनच्या मापापर्यंत, होऊन गेलं होतं, आणखी कापायला जागाच नव्हती. मग चारही सिलिंडरला आतून स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) टाकून बोअर पुन्हा ६८ मिमीवर आणला. ब्लॉक वाचला, नंबर वाचला. हेडचं फेसिंग, म्हणजे खालची बाजू कापून सपाट करणं, चाललं होतं तेव्हा मी तिथेच उभा राहिलो, कारण वाक निघेल तेवढंच कापायचं असतं. जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन खडखडायला लागतं.

पार्ट मागवणाऱ्यांसाठी एक इशारा. इटलीतली फियाट ११०० डी दिसायला आपल्याकडच्या फियाट ११०० डिलाइटसारखी, पण तिचं इंजिन १२२१ सीसीचं, बोअर ७२ मिमी. नाव वाचून तिचा पिस्टन किंवा हेड पॅकिंग घेतलं तर पैसे पाण्यात. १९६६ च्या ११०० आरमध्ये फियाटनं पुन्हा १०८९ आणलं. त्यामुळे मॉडेलच्या नावावर विसंबू नका, विकणाऱ्याला बोअर विचारा.

जुळवणी करताना मिस्त्रींशी एकच वाद झाला, थर्मोस्टॅटवरून, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवरून. थर्मोस्टॅट आधीच कुणीतरी काढून फेकला होता. "साहेब, आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? कशाला बसवायचा?" मिस्त्रींचा सवाल. हे जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. पण थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंड भिंतींवर पेट्रोल ऑइल धुऊन काढतं आणि बोअर-रिंगा लवकर झिजतात. शेवटी बसवला, पण आधी पातेल्यात पाणी उकळून तो उघडतो का ते मिस्त्रींनी स्वतः पाहिलं. हेडचे नट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं आवळले. आता आत साधं पाणी नाही, कूलंट आहे.

पेट्रोल पंपाकडेही लक्ष द्यावं लागलं. गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात. तो इंजिनाला चिकटूनच बसलेला, त्यामुळे उन्हाळ्यात आतलं पेट्रोल उकळतं आणि गाडी घाटात मध्येच बंद पडते. ओलं फडकं टाकून वाट बघणारे टॅक्सीवाले आठवत असतील. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पंपातला डायफ्रॅम (पडदा) आणि सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घेतले, पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून फिरवला.

पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, चिंधीनं ब्लॉक पुसून नंबर वाचला, आरसीशी ताडून पाहिला. पीयूसी आदल्याच दिवशी निघाली होती. नव्या रिंगा बसेपर्यंत गाडी साठच्या वर नेली नाही, पहिलं ऑइल लवकर बदललं, हेड थंड असताना नट पुन्हा तपासले आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत सेट केले. तापमानाचा काटा आता मध्यावर असतो, खंबाटकी घाटातसुद्धा. मागच्या बाजूनं ऑइलचा थेंब मात्र अजून पडतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ते दिवाळीनंतर बघू.