घेर एक, वरचे भाग दोन: भाचीचा गाऊन कुठवर आला

मागच्या वेळी नुसती मापं टाकली होती. आता घेर उभा राहिलाय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: सकाळी साखरपुडा, रात्री रिसेप्शन, आणि पोरीला दोन्हीकडे गाऊनच हवा. म्हणून घेर, म्हणजे कंबरेखालचा भाग, एकच, वर घालायला मात्र दोन भाग. दिवसाचा बंद गळ्याचा, पूर्ण बाहीचा. रात्रीचा खोल गळ्याचा, बिनबाह्यांचा. युक्ती माझी नव्हे. १८५८ मध्ये पॅरिसला दुकान थाटणाऱ्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या फॅशन डिझायनरकडे असे जोड शिवून मिळायचे. रात्रीचं कापड रात्रीच्याच उजेडात पारखता यावं म्हणून त्यानं गॅसच्या दिव्यांची वेगळी खोलीही ठेवली होती.

ते पटलं, कारण आमचं कापड धूपछाव, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग बदलणारं, रॉ सिल्क आहे. उभा धागा जांभळा, आडवा तांबूस. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दुकानात ट्यूबखाली मळकट वांग्याच्या रंगाचं दिसत होतं. तागा दारापर्यंत नेला तर उन्हात तांबं झळकलं, घरी पिवळ्या बल्बखाली जांभळा वर आला. आई म्हणाली, "एवढ्या पैशात पैठणी आली असती की गं." आली असती, पण ती मला शिवायला मिळाली नसती!

पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच, कळ्या (घेराचे वर निमुळते तुकडे) आठ. कापड वाचवायला एखादी कळी आडवी बसवायचा मोह होतो, तो धूपछावमध्ये टाळाच. धागे फिरले की तेवढीच कळी वेगळ्या रंगाची दिसते.

खरी डोकेदुखी कंबर. एवढा घेर वरच्या भागावर लटकवला तर शिवण ओढली जाते आणि गळा खाली येतो. म्हणून घेराला स्वतःचा पट्टा, आत ताठपणासाठी दुहेरी बकरम (कडक अस्तर), सगळं वजन कंबरेवर. वरचा भाग पट्टा झाकून थोडा खाली उतरतो आणि आतून हुकांनी पट्ट्यालाच अडकतो, म्हणजे हात वर केला तरी पोट उघडं पडत नाही. दोन्ही भागांचे हुक एकाच जागी यायला हवेत, त्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्यावर खुणा केल्यात. दर वेळी टेपनं मोजण्यापेक्षा हे बरं. आधी मांजरपाटाचा (साध्या सुती कापडाचा) नमुना शिवला, त्याच्या ट्रायलला भाचीला गरबा खेळायला लावला. हुक टिकले, भाची दमली.

दिवसाचा भाग बाह्यांसकट तयार आहे, काजं तेवढी राहिलीत. घेर दाराला टांगलाय. कळ्यांच्या कडा तिरक्या असल्यानं उरेब (तिरकं कापलेलं) कापड वजनानं उतरतं, ते उतरू दे, मगच खालची हेम मारणार.

रात्रीच्या गळ्याला बोनिंग, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या ताठ पट्ट्या, लागेल. प्लॅस्टिकचं अंगाच्या उबेनं वाकतं, म्हणून स्पायरल स्टीलचं हवंय. कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत सुटं कुठं मिळतं, ठाऊक असेल तर सांगा. गळा तोवर कापत नाही.