टी-शर्टातले साहेब

मागच्या महिन्यात पुण्याहून नाशिकला येत होते, गाडीत मी आणि आई. संगमनेर सोडलं, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, तेवढ्यात मागून एक पांढरी स्कॉर्पिओ अप्पर-डिप्पर मारायला लागली. माझ्या डावीकडे ट्रक, पुढे पण ट्रक, जाऊ कुठे मी? जागा मिळाल्यावर घेतली साईडला, तर हा बाबा पुढे जाऊन स्लो झाला आणि खिडकीतून हात काढून थांब थांब अशी खूण करायला लागला. साधी गाडी, दिवा नाही काही नाही, फक्त मागच्या काचेवर रेडियमने "पोलीस" लिहिलेलं. ते काय, कुठलाही रेडियमवाला लिहून देतो.

आई म्हणाली अंधारात थांबायचं नाही. तिला आठवत होता तो जुना प्रकार, "आजी, पुढे खून झालाय, अंगावरचं सोनं काढून रुमालात बांधा" म्हणणारे तोतया पोलीस, आमच्या कॉलनीत दोघीजणींना फसवलंय असं. मग मी इंडिकेटर चालू ठेवून हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि उजेडात, कॅमेऱ्याखाली थांबले. साहेब उतरले, जीन्स आणि टी-शर्ट. काचेवर टकटक, "लायसन्स दाखव." मी दोन बोटं काच खाली केली, म्हटलं आधी तुमचं ओळखपत्र दाखवा. "पोलीस आहे मी, दिसत नाही का?" आता खरंच दिसत नव्हतं त्याला मी काय करू! ११२ लावते म्हटल्यावर पाकिटातून कार्ड निघालं. खरं होतं, म्हणजे मला तरी खरं वाटलं. पाच मिनिटं लेक्चर दिलं, साईड देता येत नाही तर गाडी कशाला चालवता वगैरे, आणि गेले. चलन नाही, काही नाही.

घरी आल्यावर मामाला फोन केला, तो सहायक फौजदार म्हणून रिटायर झालाय. मला वाटलं म्हणेल, ड्युटी नव्हती तर त्याला अधिकारच नाही. तर तो म्हणतो, "अगं पोलिसाला ऑफ-ड्युटी असं काही नसतंच." महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम २८, पोलीस कायम कामावरच आहे असं समजायचं. झालं, माझी हवाच गेली. पण पुढचं त्यानेच सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३०, लायसन्स दाखवायचं ते मागणाऱ्या पोलिसाच्या अंगावर वर्दी असेल तर. दारूची फुंकर मारायला लावणारं कलम २०३, तिथेही पोलीस असेल तर वर्दीतलाच. म्हणजे प्रश्न ड्युटीचा नाहीच, कपड्यांचा आहे! मी आपली उगाच शिफ्ट संपली का चालू होती याचा विचार करत बसलेले.

मग साध्या कपड्यातला पोलीस गाडी अडवूच शकत नाही का? तर तसंही नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज इथेच घोळ घालतात. समोर दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, होत असेल तर तो रोखायला मध्ये पडायचा अधिकार कुठल्याही पोलिसाला आहे, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६८, आणि तिथे वर्दीचा शब्द नाही. बेदरकारपणे गाडी चालवणं हा पण दखलपात्र गुन्हाच. मामा म्हणाला, "तू खरंच झिगझॅग चालवत असतीस तर त्याने अडवलं ते बरोबरच होतं. पण त्याला नुसता राग आला होता." मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. बेदरकारपणा होता की राग आला होता हे ठरवणारा माणूस एकच, आणि तोच स्कॉर्पिओत बसलेला.

आणि कार्ड खरं निघालं म्हणजे संपलं असंही नाही बरं का. लंडनमध्ये मार्च २०२१ ला सारा एव्हरार्ड नावाच्या तरुणीला ज्याने गाडीत बसवलं तो खराखुरा पोलीस होता, ड्युटीवर नसलेला, गाडी भाड्याची, त्याने तिला पोलीस असल्याचंच सांगितलं होतं. पुढे तिचा खून झाला. त्यामुळे मी पंपापर्यंत गेले याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, साहेबांना उद्धट वाटले असेन तर वाटू दे. काच पूर्ण उघडायची नाही, उतरायचं नाही, ११२ ला फोन करून गाडीचा नंबर सांगायचा, आणि पळून मात्र जायचं नाही, कारण माणूस खरा निघाला तर ते आपल्याच अंगाशी येतं.

मामाला शेवटी विचारलं, तू कधी असं केलंस का रे? जरा थांबला. मग म्हणाला, "एकदा पहाटे घरासमोरून वाळूचा डंपर चालला होता, मी तसाच बनियन-लुंगीवर रस्त्यात उभा राहिलो."

"मग?"

"मग काय, ड्रायव्हर म्हणाला तुम्ही कोण, कार्ड दाखवा. कार्ड शर्टाच्या खिशात आणि शर्ट घरात. आणून दाखवेपर्यंत डंपर थांबतोय होय!"