वाकायचं नाही

अडीच वाजताची गोळी पाकिटातून निसटली, ओट्यावर एक टप्पा घेतला आणि फ्रिजखाली गेली. पूर्ण नाही, अर्धी दिसत होती. एरवी हे काम दोन सेकंदांचं. पण पाठीचं ऑपरेशन होऊन घरी आल्याला तीनच दिवस झाले होते आणि निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही, जड उचलायचं नाही. सहा आठवडे. घरात मी एकटी. शेवटी पाकिटातली दुसरी गोळी घेतली आणि पहिलीला पायाच्या अंगठ्याने जरा बाहेर ओढून ठेवलं, म्हणजे कुणी आलं की दिसेल.

हा अंगठाही नुकताच कामावर रुजू झाला होता. जानेवारीत माझ्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. मला पत्ताच नसायचा, मागून येणारं कुणीतरी सांगायचं, "बाई, चप्पल राहिली." कंबरेपासून पोटरीपर्यंत सणकत जाणारी कळ तर दिवाळीपासूनच होती, तिला मी 'सायटिका' म्हणून घरातच ठेवून घेतलं होतं. आमच्या नागपुरातल्या धंतोलीत दवाखाने जास्त आणि गाडी लावायला जागा कमी. तिथल्या एका डॉक्टरांनी माझा अंगठा खाली दाबून धरला आणि म्हणाले, "वर उचला." मी सगळा जीव लावून उचलला. "उचला ना," ते पुन्हा म्हणाले. तेव्हा मात्र मी घाबरले.

कंबरेच्या पाच मणक्यांपैकी चौथ्या आणि पाचव्याच्या मधली चकती फुटली होती. आतला मऊ गर बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला होता. लोक याला 'मणक्यात गॅप आली' म्हणतात. गॅप कसली, उलट नको तिथे भर पडलेली असते. मला विचाराल तर ही तळताना कड सुटलेली करंजी. डॉक्टरांनी इंचभर कापातून, सूक्ष्मदर्शकाने बघत, बाहेर आलेलं तेवढं सारण काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला चालवलं. माझी आजी जन्मभर एक पाय ओढत चालायची. 'कंबर धरली' एवढंच तिचं निदान. चकती फुटून नस दबते आणि तो तुकडा काढला की पाय सुटतो, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. त्या साली आजी उमरेडला विहिरीचं पाणी ओढत होती. तिच्यापर्यंत काही ही बातमी पोचली नाही.

'मोडेन पण वाकणार नाही' याचा वाक्यात उपयोग करा, असं मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मुलांनी त्यात राणा प्रतापापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांना बसवलं. आता वाटतं, हे पहिल्यांदा म्हणणाऱ्यावर केर काढायची वेळ कधी आलेली नसावी. आपलं घर मुळी वाकणाऱ्या माणसासाठीच मांडलेलं असतं. तांदळाची कोठी खाली, कणकेचा डबा ओट्याखाली, सिलिंडरचं बटण त्याहून खाली. न्हाणीघरातला नळ गुडघ्याला. देवसुद्धा पाटावर. भाचा भेटायला आला, पाया पडायला वाकला, आणि 'असू दे रे' म्हणत त्याला उठवायला माझी कंबर आपोआप निघाली, तेव्हा घरातले सगळे एकदम असे ओरडले की भाचा तसाच अर्ध्यावर थांबला.

आमच्या ह्यांना म्हणाल, तर ऑफिसात इतकं वाकावं लागतं की घरी आणायला काही शिल्लक राहत नाही.

भेटायला येणाऱ्यांचा धीर ठरलेला असतो. "काही होत नाही हो, आमच्या जाऊबाईंच्या भावाचं झालं होतं ना." "आता कसे आहेत ते?" "आता नाहीत. पण ते वेगळ्यानं गेले." कुणी म्हणे मणक्याला सुरी लावूच द्यायला नको होती, कुणी तेलाचं नाव सांगे. जाताना सगळे न चुकता 'काळजी घ्या' म्हणत. मी काळजी सोडून दुसरं काय घेत होते?

खरी ये-जा भिशीतल्या चौघींची. नावं लिहिली तर कुणाचं आधी यावरून पुढच्या भिशीत भांडण होईल, म्हणून शाळेतली, बँकवाली, गाणंवाली आणि वर्धेवाली असंच म्हणते. यांच्यापैकी एकीनेही मला 'लवकर बरी हो' म्हटलं नाही. चार वाजता दार ढकलून आत यायच्या आणि पहिला प्रश्न, "आज काय पडलं?"

रोज काहीतरी पडलेलंच असायचं. माणूस दिवसभरात किती गोष्टी पाडतो हे उचलता येत नसलं की कळतं. सेफ्टी पिन, कंगवा, रिमोट, लसणाची पाकळी, एकदा तर पूर्ण बटाटा, जो घरंगळत दिवाणाखाली गेला आणि दोन दिवसांनी मिळाला. मी ते सगळं पायाने भिंतीशी लावून ठेवायची. चौघी रांगेने वेचायच्या आणि वेचताना माझ्या संसारावर शेरे मारायच्या. बँकवालीने झाडूच्या दांड्याला लोहचुंबक बांधून आणलं. पिना त्याला छान चिकटल्या, बटाटा चिकटला नाही.

पलंगावरून उठायचीही एक रीत शिकवली होती. ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर भार घ्यायचा, मग उठायचं. वर्धेवालीने हे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "अवो माय, म्हैस डबक्यातून उठते तशी उठतं व तू!" टाके दुखत होते आणि हसू थांबत नव्हतं. पुढे उठताना मला ती म्हैस आठवायची आणि बरोबर जमायचं.

पाडव्याला मला कुठलीही कल्पना न देता चौघी सकाळी सहाला दारात हजर. रांगोळी काढायला. मला खुर्ची टाकून उंबऱ्याआत बसवलं, तेही वीस मिनिटांच्या बोलीवर, कारण बसल्यावर कमरेवर ताण येतो आणि तेवढ्याने उभं राहायचं असतं. ठिपके पंधरा की सतरा यावर वाद झाला. गाणंवालीचा हात थरथरतो, तिची रेघ द्रुत लयीत गेली. शाळेतलीला डावा डोळा धूसर दिसत होता, तिने एका ठिपक्याला दोनदा जोडलं. मोर काढायचा होता, झालं ते साधारण बदकाच्या आसपास. "मस्त झालीय," मी म्हटलं. "तू वाकून बघितलीच नाहीस," बँकवाली म्हणाली.

चालणं हे मात्र औषध होतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, चकतीला म्हणण्यासारख्या रक्तवाहिन्याच नसतात. आजूबाजूचं पोषण हालचालीने तिच्यात झिरपतं, त्यावर ती जगते. चालाल तर तिला जेवायला मिळेल. आणि रात्री आडवं झालं की ती पाणी शोषून फुगते, म्हणून माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो. बँकवाली पाच फुटांच्या आतली आहे. "मग मला बघायला सगळ्यांनी सकाळीच यायचं," ती म्हणाली.

प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत फाटकापासून कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्यापर्यंत विजेचे चौदा खांब आहेत. हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. बँकवालीने भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर खातं उघडलं. पहिल्या दिवशी एक खांब. मग दोन. दोनच. मग चार. सकाळी सहाला निघायचं, कारण एप्रिल लागला की नागपुरात आठनंतरचं ऊन अंगावर घ्यायचं काम नाही. कूलर निघाले होते, ताट्या बदलायचा वास गल्लीभर होता. मी कंबरेला पट्टा बांधून मधे, दोघी पुढे, दोघी मागे. मंत्र्याचा ताफा म्हणा हवं तर.

नऊ खांबांवर गाडी आली आणि पाचव्या आठवड्यात एका सकाळी तीच जुनी कळ पुन्हा पोटरीत उतरली. तिसऱ्या खांबाला धरून मी उभी राहिले. मनात चप्पल, अंगठा, दवाखाना, सगळं पुन्हा पहिल्यापासून. वर्धेवालीसुद्धा गप्प झाली. घरी आल्यावर डॉक्टरांना फोन केला. अंगठा उचलतोय का, त्यांनी विचारलं. उचलत होता. सुजलेली नस अशी मधूनमधून कुरकुरते, दोन दिवस कमी चाला, म्हणाले. फोन ठेवला आणि मी रडले. इतके दिवस रडले नव्हते, तेही त्यात उरकून घेतलं. गाणंवाली पलंगाच्या कडेला बसून माझ्या तळपायाला खोबरेल चोळत राहिली, एक शब्द बोलली नाही. बँकवाली वही काढून लिहीत होती. "काय लिहितेस?" "तीन." "नको ना लिहू." "का नको? खात्यातून पैसे काढले म्हणून खातं बंद होतं काय?" त्याच निळ्या शाईने तिने नऊच्या खाली तीन लिहिलं आणि चहा टाकायला आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. "काय पडलं?" मी ओरडले.

चौदावा खांब सहा आठवडे संपून तीन दिवस झाल्यावर आला. ठेल्यावर गर्दी होती. पोहेवाल्याने मान वर न करता विचारलं, "ताई, तर्री?" मग वर बघितलं. "लय दिवसानं. गावाला गेल्ता का?" मी हो म्हटलं. पाच प्लेटा. वर लाल तर्री, तिच्यात बुडालेले चणे, कांदा, लिंबाची फोड. बाकड्यावर बसायचं नाही म्हणून मी उभी, म्हणून त्याही उभ्या. पहिलाच घास जिभेवर चढला, डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा चमचा हातातून सुटून खाली पडला.

पाचही जणी चमच्याकडे बघत होतो. बँकवालीचा गुडघा पाडव्यापासून धरलेला. गाणंवालीच्या गुडघ्याला पट्टा. शाळेतलीचं आठवड्यापूर्वी मोतीबिंदूचं झालेलं. "मला वाकायचं नाही सांगितलंय," ती काळ्या चष्म्याआडून म्हणाली. वर्धेवालीच्या एका हातात तिची प्लेट, दुसऱ्यात शाळेतलीची. हळूहळू चौघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी प्लेट बँकवालीच्या हातात दिली आणि ओढणी मागे टाकली.

"गुडघ्यातनं जाय व, कंबरेतनं नोको!" वर्धेवाली ओरडली. ठेल्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. पोहेवाल्याने घाईने दुसरा चमचा पुढे केला.

"ठेवा भाऊ तो," बँकवाली म्हणाली.